गाडीतील दुसरी बॅटरी : वायरमन कारागिरांच्या दारात आलेले नवे काम

रविवारी सकाळी खडकवासला धरणाच्या भिंतीजवळ अर्धा तास उभे राहावे. पुण्याहून सिंहगड, पानशेत, वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग संपत नाही. त्यांत हल्ली एक वेगळी गाडी नजरेस पडते. उंच टायरची, फोर-व्हील ड्राइव्हची जीप, थार किंवा गुरखा, टपावर पत्र्याचा कॅरियर, त्यावर गुंडाळलेला तंबू. डिकीत डोकावले तर लहानसा फ्रिज, एलईडी दिवे, मोबाइल चार्ज करण्याची जागा, एखादा पंखा. मालक मंडळी हॉटेलात उतरत नाहीत. पाण्याच्या कडेला गाडी उभी करून रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघतात. कोणी कोकणात उतरतो, तर कोणी सुटी काढून थेट लडाख गाठतो. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, म्हणजे गाडीतच मुक्काम करण्याची ही हौस आता निव्वळ चार पोरांची राहिलेली नाही.

या हौशी मंडळींची ठरलेली तक्रार एकच. रात्रभर फ्रिज चालला, सकाळी चावी फिरवली आणि सेल्फने नुसते टक् टक् केले. बॅटरी बसली. पूर्वीच्या डिझेल जीपला उतारावर चार माणसांनी धक्का दिला की ती सुरू होई. तिच्या पंपाला विजेची फारशी गरज नव्हती. आजच्या गाडीत इंजेक्टर, पंप, चावीची चिप, सर्व काही विजेवर चालते. बॅटरी पूर्ण बसली तर धक्का देऊन उपयोग होत नाही, आणि पानशेतच्या मागच्या बाजूला जंप स्टार्टसाठी दुसरी गाडी कोठून आणायची?

यावर उपाय म्हणजे गाडीत दुसरी बॅटरी. हे काम मिस्त्रीचे नसून ऑटो इलेक्ट्रिशियनचे, म्हणजे आपल्या भाषेत वायरमनचे आहे. आपल्या समाजातील शेकडो घरांची रोजी या धंद्यावर आहे. नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या दुकानांपासून धायरी, नांदेड फाट्यापर्यंतच्या गॅरेजांत आपली माणसे सापडतात. परंतु हे नवे काम मात्र हळूहळू काचेच्या दारांच्या ॲक्सेसरी शोरूमकडे सरकत आहे. तेथील कारागीर आपल्यापेक्षा हुशार असतो असे नाही. ग्राहकाला तेथे लेखी अंदाजपत्रक मिळते, आणि आपल्याकडे मिळते ‘होऊन जाईल साहेब’. म्हणून या कामाची बारीक माहिती आज येथे देत आहोत.

धरणावरून समजून घ्या

दोन बॅटऱ्या वायरीने थेट एकमेकींना जोडून दिल्या की झाले, असे अनेकांना वाटते. तसे केल्यास दोन्ही मिळून एकच मोठी बॅटरी होते आणि फ्रिज रात्रभरात दोन्ही पिऊन टाकतो. दुसरी बॅटरी असूनही सकाळी गाडी बंदच.

खडकवासला पूर्ण भरत आले की मगच दरवाजे उघडून मुठा नदीत पाणी सोडतात. पातळी खाली आली की दरवाजे बंद, कारण उरलेले पाणी पुणे शहराच्या पिण्याचे आहे. गाडीतही हेच करावयाचे आहे. पहिली बॅटरी सेल्फ मारण्यासाठी राखीव. अल्टरनेटरने ती नीट भरली की मगच दरवाजा उघडून विजेचा जादा साठा दुसऱ्या बॅटरीकडे जावा. इंजिन बंद पडले, पातळी उतरली, की दरवाजा आपोआप बंद व्हावा. फ्रिज, दिवे, पंखा हे सर्व फक्त दुसऱ्या बॅटरीवर.

पाण्याच्या पातळीच्या जागी येथे व्होल्ट मोजतात. चांगली शिशाची बॅटरी भरलेली आणि विसावलेली असेल तर मीटर १२.६ ते १२.७ दाखवतो. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.९ च्या खाली ती रिकामीच समजावी. इंजिन चालू असताना जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर १३.८ ते १४.४ देतो. बाजारात व्होल्ट ओळखणारी रिले मिळते. ती साधारण १३.२-१३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडते आणि १२.७-१२.८ ला तोडते. धरणावरच्या दरवाजा-ऑपरेटरचे काम ती मुकाट्याने करते.

हाताने फिरवण्याचा कटआउट स्विचही बसवता येतो. तो स्वस्त व मजबूत असतो. पण रात्री गप्पांच्या नादात मालक तो फिरवायला विसरतो आणि सकाळी शिव्या वायरमनला पडतात.

जुन्या जीपचे काम

आपल्याकडच्या जीपचा इतिहास मुंबईत सुरू होतो. विलिस जीप येथे जोडणारी कंपनी १९४५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. त्या वंशातील जुन्या जीपगाड्या, कमांडर, पहिल्या बोलेरो, मावळ-मुळशी-वेल्ह्याच्या रस्त्यांवर आजही धावतात, आणि वायरमनला त्यांच्यावर हात बसवणे सर्वात सोपे जाते.

या गाड्यांत वर सांगितलेली व्होल्टची रिले चालते. ती नको असेल तर अल्टरनेटरच्या दिव्याच्या टर्मिनलवरून, म्हणजे डॅशबोर्डवरचा लाल दिवा ज्या वायरीने विझतो तिथून, एक छोटी रिले चालवावी आणि त्या छोट्या रिलेने मोठा सोलेनॉइड ओढावा. चार्जिंग सुरू झाल्याशिवाय बॅटऱ्या जोडल्या जात नाहीत. मोठा सोलेनॉइड थेट त्या टर्मिनलवर टाकू नये, त्याला तेवढा करंट सोसत नाही.

येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे सेल्फचा सोलेनॉइड वापरणे. तो काही सेकंदांसाठी बनवलेला असतो. तासन्‌तास चालू ठेवला तर त्याचे कॉइल जळते. ‘कायम चालू’ ठेवता येईल असाच सोलेनॉइड दुकानदाराकडून मागून घ्यावा. दुसरी चूक म्हणजे रिलेला साध्या इग्निशनच्या वायरीवरून करंट देणे.

ही दुसरी चूक आम्ही घरच्या जीपवर पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी एका कारागिराने हॉर्नची रिले आणि साधी बारीक वायर घेऊन तासाभरात दुसरी बॅटरी जोडून दिली. फ्यूज नाही. दोन महिने सर्व सुरळीत. एका थंड सकाळी डोणज्याच्या फाट्यावर पहिली बॅटरी अशक्त होती. चावी फिरवताच रिले जुळली आणि सेल्फने आपला सगळा भार त्या बारीक वायरीतून दुसऱ्या बॅटरीवर टाकला. सेल्फ शेकडो अँपियर ओढतो. वायरीचे प्लास्टिक बॉनेटखाली वितळून धूर निघाला. डिझेलची नळी तिथून वीतभर अंतरावर होती. पान्याने बॅटरीचे टोक सोडवण्याची बुद्धी वेळेवर झाली म्हणून हा मजकूर लिहिता येत आहे. त्या कारागिराने मजुरी कमीच घेतली होती, हेही सांगितले पाहिजे.

नव्या गाडीला जुना उपाय चालत नाही

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जाऊ लागल्या. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने चालतो. इंधन वाचवण्यासाठी रस्त्यावर चालता चालता तो व्होल्ट साडेबाराच्या आसपास उतरवतो आणि ब्रेक मारला की चढवतो. अशा गाडीत व्होल्टची रिले बसवली तर ती दिवसभर जुळते-तुटते, आणि दुसरी बॅटरी कधीच भरत नाही. ग्राहक म्हणतो बॅटरी खराब दिली. वायरमन बॅटरी बदलून देतो. पुन्हा तेच. दोष बॅटरीचा नसतोच.

या गाड्यांना डीसी टू डीसी चार्जर लागतो. अल्टरनेटरकडून येणारे कमी-जास्त व्होल्ट घेऊन तो दुसऱ्या बॅटरीला हवे तेवढेच, टप्प्याटप्प्याने देतो. इंजिन बंद झाले की पुरवठा तोडतो. बहुतेक चार्जरना इग्निशनची एक बारीक वायर द्यावी लागते, म्हणजे इंजिन चालू असल्याचे त्यांना कळते. ती विसरली की चार्जर मुका बसतो. रिलेपेक्षा चार्जर महाग असला तरी नव्या गाडीत दुसरा मार्ग नाही, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगावे.

आणखी एक बारकावा. नव्या गाडीत पहिल्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक लहान डबी दिसते. तो करंट मोजणारा सेन्सर. दुसऱ्या बॅटरीची निगेटिव्ह वायर त्या टोकावर कसू नये, अन्यथा गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो. ती चासीवर, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर घट्ट बसवावी आणि वर गंज न चढण्यासाठी ग्रीस लावावे. रंगावर कसलेले अर्थिंग सहा महिन्यांत दगा देते.

किती बॅटरी लागेल?

ग्राहक येतो आणि विचारतो, शंभरची टाकू का दीडशेची? वायरमनने उलट विचारावे, रात्री काय काय चालवणार? चाळीस लिटरचा कंप्रेसरवाला फ्रिज चालू असताना सुमारे ४ अँपियर घेतो, पण मधूनमधून थांबतो. रात्रीच्या गारव्यात सरासरी दीड अँपियर धरा. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ, चौदा तासांचे २१ अँपियर-तास झाले. १२ वॅटचे दोन दिवे पाच तास, १० झाले. तीन मोबाइलचे ४ धरा. एकूण ३५.

शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ३५ वापरायचे तर ७० ते ७५ ची बॅटरी हवी. हा एका रात्रीचा हिशेब. उन्हाळ्यात गाडी दोन दिवस एकाच जागी उभी राहणार असेल तर फ्रिजच दिवसाला ४५-५० खाईल, आणि हा हिशेब कोसळेल. बहुतेक फ्रिजमध्ये कमी व्होल्टला बंद होण्याची सोय असते, तीही तपासून दाखवावी.

भरण्याचा हिशेब तर कोणी करतच नाही. पानशेतहून खडकवासल्यापर्यंत परत यायला तास लागतो. २० अँपियरचा चार्जर तेवढ्यात फार तर २० भरतो. वरून शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश, काही तासांनी भरतो. म्हणजे रविवारी घरी परतलेल्या गाडीतील दुसरी बॅटरी अर्धीमुर्धीच भरलेली असते आणि पुढच्या शनिवारपर्यंत तशीच पडून राहते. प्लेटांवर सल्फेट चढण्याचे हे कारण. घरी आल्यावर पार्किंगमध्ये साध्या चार्जरने ती पूर्ण भरून ठेवावी, किंवा टपावर सोलर पॅनेल लावावे. शंभर वॅटचे पॅनेल कडक उन्हात सुमारे ५ अँपियर देते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या बाजूला मात्र त्याच्यावर विसंबू नये.

बॅटरी कोणती व कोठे

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी हळूहळू वीज देण्यासाठीच बनवलेली असते, म्हणून काही जण ती गाडीत टाकतात. ती उंच, जड, आणि तिच्यात पातळ ॲसिड. खड्ड्यांतून गाडी उड्या मारू लागली की ॲसिड सांडते, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि माणसे त्याच बंद गाडीत झोपणार. केबिनमध्ये ती कदापि ठेवू नये. आत ठेवायची तर सीलबंद एजीएम बॅटरी घ्यावी.

अलीकडे लिथियम बॅटरीची मागणी आहे. शंभर अँपियर-तासाची शिशाची बॅटरी पंचवीस-तीस किलो भरते, लिथियमची निम्म्याहून कमी वजनाची असते आणि तिच्यातील ऐंशी टक्के वीज बिनधास्त वापरता येते. पण ती भुकेली असते. थेट अल्टरनेटरला जोडली तर एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. लिथियमला चार्जरशिवाय हात लावू नये. चार्जरवर लिथियमची सेटिंग आहे ना, तेही पाहावे. बॉनेटखालची उष्णता तिला मानवत नाही. आणि लडाखला जाणाऱ्या ग्राहकाला हे जरूर सांगावे की शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीतील संरक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंग रोखते. स्वस्त मालात ते असेलच असे नाही.

बॅटरी कोठेही बसवा, पण लोखंडी पट्टीने, बोल्ट मारून. रबरी पट्ट्याने बांधलेली वीस किलोची बॅटरी अपघातात तोफगोळ्यासारखी पुढे येते.

खरी कारागिरी वायरीत

ग्राहकाला बॅटरी दिसते, चार्जर दिसतो. वायर गालिच्याखाली जाते आणि तेथेच बहुतेकांचा हात आखडतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत वायर पाच मीटर, जाऊन-येऊन दहा धरा. ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून ३० अँपियर नेले तर वाटेत जवळपास ०.९ व्होल्ट गळतात. १४.२ निघाले, १३.३ पोहोचले. रिलेच्या जोडणीत अशी बॅटरी पूर्ण भरणारच नाही. १६ स्क्वेअर एमएम वापरली तर गळती ०.३३ वर येते, २५ वापरली तर ०.२१. परतीचे काम चासीने केले तर गळती आणखी कमी. रिले असेल तर १६ च्या खाली उतरू नये.

बाजारात सध्या तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकली जाते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की ओळखावे. तांब्यापेक्षा ती कमी वीज वाहते, लवकर तुटते. नाना पेठेतील व्यापारी बंधूंनीही हा माल ठेवायचाच असेल तर त्याच्या खऱ्या नावाने विकावा. त्यावर काम करून कारागीर बदनाम होतो आणि दुकानदारही.

फ्यूज दोन हवेत, एकेक बॅटरीजवळ, वीतभर अंतराच्या आत. या लांब वायरीला दोन्ही बाजूंनी वीज येते, म्हणून एका टोकाचा फ्यूज पुरत नाही. मधोमध लावलेला तर कोणत्याच बाजूचे रक्षण पूर्ण करत नाही. फ्यूज वायरीला सोसेल त्याहून मोठा घालू नये. टोकांना लग लावताना हातोडीने ठोकू नये, षट्कोनी दाबाचे क्रिंपिंग हत्यार घ्यावे. हत्याराचा खर्च चार-पाच गाड्यांत निघतो. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट, आणि वायरीवर जाळीदार नळी. खडकवासला ते पानशेत रस्त्याचे हादरे पत्र्याच्या धारेवर वायर कशी कापतात, हे एक पावसाळा गेल्यावर कळते.

बिल, वॉरंटी आणि जुनी बॅटरी

गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर अशा फेरफारानंतर विजेच्या बिघाडाचा दावा कंपनी नाकारू शकते. हे काम घेण्यापूर्वी सांगावे आणि बिलावर लिहावे. विमा कंपनीला कळवण्याचा सल्लाही द्यावा. बिलात बॅटरी, चार्जर, वायरीची जाडी व लांबी, फ्यूजचे अँपियर आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. तांब्याचा भाव चढ-उतार करतो, म्हणून अंदाजपत्रकावर ते किती दिवस चालेल तेही घालावे. सोबत एका कागदावर जोडणीचा साधा नकाशा काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवून द्यावा. उद्या स्पितीत बिघाड झाला तर तेथला वायरमन तो नकाशा पाहून दुरुस्ती करील. काम झाल्यावर ग्राहकासमोर इंजिन बंद करून क्लॅम्प मीटर लावावा आणि फ्रिज चालू असताना पहिल्या बॅटरीतून करंट जात नाही हे त्याला दाखवावे. दहा मिनिटांचे काम, पण तोच ग्राहक पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतो.

जुनी बॅटरी बदलून निघाली की ती कोठे जाते, हाही धंद्याचाच प्रश्न आहे. २००१ पासून बॅटऱ्यांच्या हाताळणीचे नियम होते. २०२२ साली बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करून शिसे परत वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. विक्रेते नवीन बॅटरीवर जुनीचे पैसे वळते करून देतात, ती त्यांच्याकडेच किंवा नोंदणीकृत भंगारवाल्याकडे द्यावी. काही ठिकाणी अजूनही वस्तीतच बॅटऱ्या फोडून ॲसिड गटारात ओततात आणि उघड्या भट्टीत शिसे वितळवतात. त्या धुराचे शिसे सर्वात आधी लहान मुलांच्या रक्तात जाते आणि त्यांच्या मेंदूची वाढ खुंटवते. भट्टीवाल्याची मुले बहुधा त्याच गल्लीत खेळत असतात.